हिलरी : एव्हरेस्टनंतरची पंचावन्न वर्षे

एव्हरेस्ट शिखर प्रथम कोणी सर केले, या प्रश्नाचे उत्तर सातवीतली मुलेही एका दमात देतात. तेनझिंग नोर्गे आणि एडमंड हिलरी, २९ मे १९५३. थोडी अधिक चौकस मुले वेळही सांगतात : सकाळचे साडेअकरा. त्या दिवशी ही जोडी शिखरावर किती वेळ होती? जेमतेम पंधरा मिनिटे. पाठीवरच्या नळकांड्यांतला ऑक्सिजन मोजका होता आणि उतरण बाकी होती. हिलरी तेव्हा ३३ वर्षांचे होते. ११ जानेवारी २००८ रोजी, वयाच्या ८८ व्या वर्षी, ते वारले. मधल्या जवळजवळ पंचावन्न वर्षांत या माणसाने काय केले, हा प्रश्न मात्र प्रश्नपत्रिकेत सापडत नाही. मला त्या पंधरा मिनिटांपेक्षा या पंचावन्न वर्षांचे कुतूहल अधिक आहे. शिक्षकांना सांगण्यासारखा भागही तोच आहे, कारण त्यात शाळा आहेत.

हिलरींचा जन्म २० जुलै १९१९ रोजी न्यूझीलंडमधल्या ऑकलंड शहरात झाला. बालपण गेले तिथून साठ-पासष्ट किलोमीटरवरच्या तुआकाऊ या खेड्यात. आई शिक्षिका होती. वडील पहिल्या महायुद्धात लढून आलेले. आधी एक छोटे गावपत्र चालवीत, पुढे मधमाश्या पाळू लागले. मुलाने शहरातल्या चांगल्या शाळेत शिकावे हा आईचा आग्रह. त्यामुळे रोज आगगाडीने ऑकलंडला जाणे-येणे आले. या प्रवासात मुलाने साहसकथांची पुस्तके अक्षरशः फस्त केली. सोळाव्या वर्षी शाळेच्या सहलीबरोबर तो रुआपेहू या ज्वालामुखी पर्वतावर गेला आणि तिथे त्याने आयुष्यात प्रथम बर्फ पाहिले. शाळेच्या सहली वायफळ असतात असे म्हणणाऱ्या पालकांना हे उदाहरण द्यायला हरकत नाही! पुढे गणित आणि विज्ञान घेऊन त्याने दोन वर्षे विद्यापीठात काढली, पण एकही परीक्षा पास न होता तो परतला आणि वडिलांच्या मधमाश्यांच्या धंद्यात शिरला. हा धंदा उन्हाळ्याचा; हिवाळ्यात पेट्यांपाशी फारसे काम नसते. न्यूझीलंडचा हिवाळा म्हणजे आपला मे ते ऑगस्ट. हिमालयात चढाईचा मोसम सुरू व्हावा आणि त्याच वेळी घरचे काम थंडावावे, असा हा योग होता.

दुसऱ्या महायुद्धात विमानदळात दिशादर्शक म्हणून नोकरी, तीत भाजून झालेली गंभीर इजा, मग न्यूझीलंडच्या दक्षिण आल्प्समधल्या अवघड चढाया, हे सारे ओलांडून आपण १९५१ कडे येऊ. त्या वर्षी चार न्यूझीलंडकर स्वतःच्या खर्चाने आपल्या गढवाल हिमालयात आले होते. मोहीम आटोपून ते राणीखेतला उतरले, तेव्हा निरोप वाट पाहत होता : एरिक शिप्टन एव्हरेस्टची नेपाळच्या बाजूने पाहणी करणार आहेत, तुमच्यापैकी दोघांना येता येईल. चौघांत दोन जागा! राणीखेतमध्ये त्यावरून बरीच तणातणी झाली. शेवटी हिलरी आणि रिडिफर्ड गेले. एव्हरेस्टचा रस्ता हिलरींना असा आपल्या कुमाऊँमधून मिळाला.

१९५३ च्या मोहिमेबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. एका माणसाबद्दल मात्र आपल्याकडे फारसे कोणी बोलत नाही. ग्रिफिथ प्यू हे इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञ त्या चमूत होते. त्याआधीच्या अनेक मोहिमा शिखराच्या तीनशे मीटर खालपर्यंत जाऊन परतल्या होत्या. त्या का परतल्या? धैर्य कमी पडले, हवामान फिरले, अशी उत्तरे दिली जात. प्यूंनी १९५२ मध्ये चो ओयूच्या परिसरात गिर्यारोहकांवरच प्रयोग केले आणि उत्तर आकड्यांत मांडले. माणसे पाणी फार कमी पीत होती. उंचावरच्या कोरड्या हवेत धापा टाकताना श्वासावाटे जे पाणी जाते त्याचा हिशेब कोणी ठेवला नव्हता. पाणी बर्फ वितळवूनच मिळवायचे, म्हणजे इंधन जास्त न्यायला हवे. ऑक्सिजन मिनिटाला दोन लिटर पुरवला तर त्याचा फायदा नळकांड्यांचे ओझे वाहण्यातच संपतो; चार लिटर पुरवला तर चढण्याचा वेग खरोखर वाढतो. उंचीची सवय होण्यासाठी काही आठवडे द्यावे लागतात. १९५३ चा आराखडा या हिशेबावर उभा होता. शिखराच्या दिवशी हिलरी चढता चढता नळकांड्यातला दाब पाहून उरलेल्या मिनिटांची आकडेमोड मनातल्या मनात करीत होते. गणितात नापास होऊन परतलेल्या माणसाच्या कामी ते गणित असे आले.

त्या हवेत नेमके काय कमी असते, हेही मुलांना नीट सांगायला हवे. ऑक्सिजनचे प्रमाण शिखरावरही शेकडा एकवीसच असते. कमी होतो तो हवेचा दाब. समुद्रसपाटीला तो ७६० मिलिमीटर पारा असतो. एव्हरेस्टच्या माथ्यावर तो प्रत्यक्ष मोजला गेला १९८१ मध्ये, आणि निघाला २५३ मिलिमीटर, म्हणजे बरोबर एक तृतीयांश. गंमत अशी की वातावरणाच्या ठराविक कोष्टकांनुसार तो २३६ च असायला हवा होता. एव्हरेस्ट विषुववृत्ताच्या बरेच जवळ आहे, आणि त्या पट्ट्यात वातावरणाचा थर ध्रुवांकडच्यापेक्षा जाड असतो, म्हणून हे १७ मिलिमीटर जास्त मिळतात. एवढ्याशा फरकाने काय होते? १९७८ मध्ये मेसनर आणि हॅबलर ऑक्सिजनशिवाय शिखरावर जाऊन आले. हाच डोंगर अलास्कात असता तर ते बहुधा जमले नसते.

दक्षिण ध्रुवाचे प्रकरण मी थोडक्यात आटोपतो. १९५७-५८ हे आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्ष होते. त्या सुमारास व्हिव्हियन फुक्स यांच्या नेतृत्वाखाली अंटार्क्टिका आरपार ओलांडण्याची मोहीम निघाली. हिलरींकडे काम होते पलीकडच्या बाजूने येऊन वाटेत अन्न-इंधनाचे साठे करून ठेवण्याचे. त्यांनी ते केले, आणि मग शेतावर चालणारे फर्ग्युसन ट्रॅक्टर दामटीत ४ जानेवारी १९५८ रोजी फुक्सच्या आधी ध्रुवावर जाऊन उभे राहिले. १९१२ च्या स्कॉटनंतर जमिनीवरून ध्रुवावर पोहोचलेली ही पहिली तुकडी. यावरून इंग्लंडात नाराजी झाली. माझ्या मते ती अगदीच अनाठायी नव्हती. नेमून दिलेले काम संपल्यावर पुढे धावण्याची ही हौस होती. हा माणूस पहिल्यापासून संत होता अशी समजूत कोणी करून घेऊ नये, एवढ्यासाठी हे सांगितले.

आता १९६०. हिलरी पुन्हा खुंबूत आले. खुंबू म्हणजे एव्हरेस्टच्या दक्षिणेचा, शेर्पांच्या वस्तीचा मुलूख. या वेळी मोहिमेला दोन कामे होती. एक, यती नावाचा हिममानव खरोखर आहे का हे शोधणे. दुसरे, प्यूंच्या देखरेखीखाली उंचीचा शरीरावर होणारा दीर्घ परिणाम अभ्यासणे. यतीचे प्रकरण लवकर निकालात निघाले. खुमजुंग गावच्या मठात यतीची म्हणून एक केसाळ टोपी जपलेली होती. ती गावच्या पुढाऱ्यासह विमानाने शिकागो, पॅरिस, लंडनपर्यंत फिरली आणि तज्ज्ञांनी सांगितले की हे सेरो या हिमालयातल्या रानबकऱ्यासारख्या प्राण्याचे कातडे आहे. दुसरे काम अधिक मोलाचे ठरले. आमा दब्लाम शिखराखाली ५८०० मीटरवर, जिथे हवेचा दाब निम्म्यावर येतो, तिथे लाकडी फळ्यांची चंदेरी रंगाची झोपडी उभारून शास्त्रज्ञांनी हिवाळा काढला. त्यांत सुखमय लाहिरी हे भारतीय शरीरक्रियाशास्त्रज्ञही होते, आणि पुढे १९८१ ची दाबमोजणी करविणाऱ्या मोहिमेचे नेते जॉन वेस्टही. खायला भरपूर असूनही या मंडळींचे वजन आठवड्याला अर्धा ते दीड किलोने घटत राहिले. त्या उंचीची सवय होते, पण तिथे कायमचे राहता येत नाही, हे त्यातून दिसले.

खुद्द हिलरींना या मोहिमेत मकालू शिखराखाली मेंदूच्या रक्तपुरवठ्याचा त्रास होऊन खाली आणावे लागले. अत्युच्च शिखरांचे त्यांचे पर्व तिथे जवळजवळ संपले. वय होते ४१.

याच मोहिमेतल्या एका रात्री, शेकोटीभोवती बसलेले असताना, हिलरींनी आपल्या शेर्पा सोबत्यांना विचारले, की तुमच्यासाठी एखादी गोष्ट करायची झाली तर कोणती करावी? खुमजुंगच्या उर्किन सरदारांनी उत्तर दिले : शाळा. आमच्या मुलांना डोळे असून दिसत नाही, अशा अर्थाचे ते काही बोलले. लक्षात घ्या, हे लोक भुकेले होते, आजारी होते; पैसा मागता आला असता, औषध मागता आले असते. पण बाहेरच्या जगाशी त्यांचा संबंध येऊन तीस-चाळीस वर्षे झाली होती, आणि त्या जगात लिहिता-वाचता न येणाऱ्याला फक्त ओझे वाहायचे काम मिळते, हे त्यांनी पाहिले होते. तेनझिंग अनेक भाषा बोलत, पण त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते; त्यांचे आत्मचरित्रही त्यांनी तोंडी सांगितले आणि दुसऱ्याने लिहिले.

शाळा जून १९६१ मध्ये सुरू झाली. खुमजुंग ३७९० मीटरवर आहे. आपले कळसूबाई १६४६ मीटर. एका कळसूबाईवर दुसरे कळसूबाई ठेवले तरी हे गाव आणखी पाचशे मीटर वर राहील. कलकत्त्याच्या इंडियन अॅल्युमिनियम कंपनीने सुट्या भागांची अॅल्युमिनियमची इमारत दिली. दोन वर्गखोल्या आणि दार्जिलिंगहून आणलेला एक शेर्पा शिक्षक, एवढाच संसार होता. नंतर शेजारच्या गावांचे लोक अर्ज घेऊन हिलरींच्या तंबूपाशी येऊ लागले. १९६३ मध्ये पांगबोचे आणि थामे या गावी शाळा झाल्या. थामे म्हणजे तेनझिंग यांचे बालपण गेलेले गाव. पद्धत ठरून गेली : मागणी गावाची, जागा गावाची, श्रम बरेचसे गावाचे, हिलरी आणि त्यांचे मित्र सुतारकाम करणार, पत्रे ठोकणार आणि पैसे गोळा करून आणणार. या कामासाठी स्थापलेला हिमालयन ट्रस्ट आजही चालू आहे. पंचवीसहून अधिक शाळा, दोन रुग्णालये, अनेक दवाखाने, नळाचे पाणी, पूल, रोपवाटिका अशी त्याच्या कामाची यादी आहे.

दानशूर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर गडगंज धनिक येतो. हिलरी तसे नव्हते. व्याख्याने देणे, पुस्तके लिहिणे, तंबू बनविणाऱ्या कंपनीचा सल्लागार होणे, अशा मार्गांनी ते स्वतःचा आणि ट्रस्टचा खर्च भागवीत. त्यांच्याजवळ भांडवल होते ते एकच, नावाचे. ते त्यांनी आयुष्यभर खर्चले.

शाळेमागोमाग एक वेगळेच संकट ध्यानात आले. खुंबूत मोठ्या माणसांच्या गळ्याला गाठी दिसत. काही मुले बहिरी-मुकी, काही वाढ खुंटलेली, काही मतिमंद. १९६६ मध्ये खुंदे येथे, ३८४० मीटरवर, ट्रस्टचे रुग्णालय उघडले आणि ऑकलंडच्या डॉक्टरांनी गावोगाव तपासणी केली. दहातल्या जवळजवळ नऊ माणसांना गलगंड निघाला. कारण होते आयोडीनची कमतरता.

इथे थोडे रसायनशास्त्र सांगितले पाहिजे. गळ्यातली अवटु ग्रंथी थायरॉक्सिन नावाचे संप्रेरक तयार करते. त्याच्या एका रेणूत आयोडीनचे चार अणू असतात. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते. म्हणजे आयुष्यभराचे मिळूनही चमचाभर. ते मिळाले नाही तर ग्रंथी अधिकाधिक फुगत जाते, हा गलगंड. पण गाठ ही दिसणारी बाजू झाली. गर्भातल्या बाळाचा मेंदू घडत असताना आईच्या शरीरात आयोडीन नसेल, तर ते नुकसान नंतर कशानेही भरून येत नाही. निसर्गात आयोडीनचा मुख्य साठा समुद्रात आहे. डोंगराळ मुलखात हिमनद्यांनी जमीन खरवडून नेलेली असते आणि पावसाने उरलेसुरले आयोडीन धुऊन नेलेले असते. त्या मातीतल्या बटाट्यात ते नाही, तो बटाटा खाणाऱ्या आईत नाही, आणि म्हणून बाळातही नाही.

म्हणजे शाळा बांधली, शिक्षक आणला, पाट्या आणल्या, तरी वर्गातल्या काही मुलांचे शिकणे जन्माआधीच हिरावले गेलेले होते. शिक्षकाने कितीही जीव ओतला तरी ते परत मिळण्यासारखे नव्हते. खुंदेच्या डॉक्टरांनी आयोडीनयुक्त तेलाची इंजेक्शने द्यायला सुरुवात केली. एक इंजेक्शन काही वर्षे पुरते, कारण स्नायूत साठलेल्या तेलातून आयोडीन हळूहळू झिरपते. जिथे बाजारच नाही आणि मीठ तिबेटातून याकच्या पाठीवरून येते, तिथे हा उपाय योग्य होता. त्यानंतर नव्याने जन्मणाऱ्या मुलांत तो जन्मजात विकार जवळजवळ दिसेनासा झाला. माझ्या दृष्टीने हिलरींच्या कामातले हे सर्वांत उंच शिखर आहे, आणि त्याचे छायाचित्र काढता येत नाही. जे घडले नाही त्याचे छायाचित्र कसे काढणार?

हे काम एकट्या खुंबूत झालेले नाही, हेही सांगायला हवे. त्याच्या दहा वर्षे आधी, १९५६ पासून, डॉ. वुलिमिरी रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात सुमारे एक लाख लोकवस्तीवर नमुनेदार प्रयोग केला होता. खोऱ्याचे तीन भाग पाडले. दोन भागांना आयोडीनचे क्षार मिसळलेले मीठ, तिसऱ्याला साधे. पाच-सहा वर्षांत पहिल्या दोन भागांतल्या मुलांतला गलगंड झपाट्याने उतरला, तिसऱ्यात होता तसाच राहिला; मग तिथेही आयोडीनचे मीठ सुरू केले. या प्रयोगाच्या आधारे १९६२ मध्ये आपला राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला.

हा आजार हिमालयाचाच, आपला काय संबंध, असे वाटेल. पहूरहून वाकोद-फर्दापूरमार्गे अजिंठ्याचा घाट चढला की जो जिल्हा लागतो, त्या औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यातही गलगंडाचा पट्टा आढळला होता. समुद्र चारशे किलोमीटरच्या आत असूनही! पावसाने आणि पुराने धुपलेली जमीन हिमनदीइतकीच आयोडीनला मुकते. साधे मीठ खाण्यासाठी विकायला देशभर बंदी आहे ती २००६ पासून. त्याआधी अशी बंदी एकदा घालून २००० साली उठवली गेली होती. तरी आठवडे बाजारात पोत्यातून मापाने विकले जाणारे खडेमीठ आपण सर्वांनी पाहिलेले आहे. शाळेत एक सोपा प्रयोग करता येतो. मुलांना घरून चिमूटभर मीठ आणायला सांगावे. मिठात आयोडीन असते ते पोटॅशियम आयोडेटच्या रूपात, त्यामुळे नुसत्या पेजेने ते निळे होत नाही. पातळ पेजेत थोडे पोटॅशियम आयोडाइड आणि लिंबाच्या रसाचे काही थेंब घालून ते मिठावर टाकावे. आम्लात आयोडेट आणि आयोडाइड यांची अभिक्रिया होऊन मुक्त आयोडीन तयार होते आणि मीठ निळे-जांभळे दिसते. रंग आला नाही, तर ते मीठ कुठून आणले याची चौकशी मुलांनाच करू द्यावी.

आता या कामाच्या दुसऱ्या बाजूकडे वळू. रुग्णालयाचे सामान आणण्यासाठी १९६४ मध्ये लुक्ला येथे विमानाची धावपट्टी केली गेली. खाली नदीकाठची सपाट शेते हवी होती, पण शेतकऱ्यांनी ती देण्याचे नाकारले, म्हणून डोंगरउतारावरची जागा घेतली. माती घट्ट बसावी म्हणून हिलरींनी शेर्पांना छांग पाजून रांगेने पाय आपटीत नाचायला लावले, ही गोष्ट ते स्वतः रंगवून सांगत. काठमांडूपासूनची दोन आठवड्यांची पायपीट अर्ध्या-पाऊण तासावर आली. शाळेचे पत्रे आले, औषधे आली. आणि पर्यटकही आले. १९६४ च्या सुमारास वर्षाला दोन-तीन डझन परदेशी पाहुणे येत. कोरोनाच्या साथीपूर्वी ही संख्या पन्नास हजारांच्या वर गेली होती. चुलीला लाकूड, अंघोळीला गरम पाणी, वाटेवर डबे-बाटल्यांचा खच. हिलरींनी कबूल केले की त्यांच्या स्वतःच्या १९५० च्या दशकातल्या मोहिमांनीही हेच केले होते : कचरा टाकला होता आणि जुनिपरची झुडपे बेछूट जाळली होती. १९७६ मध्ये न्यूझीलंडच्या मदतीने सगरमाथा राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले, त्यात त्यांचा पुढाकार होता. लाकूडतोडीवर बंधने आली, तेव्हा ज्यांच्यासाठी शाळा बांधल्या तेच गावकरी काही काळ त्यांच्यावर रुसले.

यातला एक तपशील आपल्या अभ्यासाच्या दृष्टीने चांगला आहे. खुंबूतले अरण्य पार उजाड झाले, असे १९७० च्या दशकात सगळे म्हणत. नंतर आल्टन बायर्स या भूगोलतज्ज्ञाने १९५० च्या दशकातली छायाचित्रे घेतली, ती जिथून काढली होती नेमक्या त्याच जागांवर उभे राहून पुन्हा छायाचित्रे काढली आणि जोड्या लावल्या. झाडांचे अरण्य बऱ्याच ठिकाणी जवळजवळ तेवढेच होते, काही ठिकाणी दाटले होते. खरी हानी झाली होती ती त्याहून वर, चार हजार मीटरपलीकडच्या झुडपांची, जिकडे कोणी पाहतच नव्हते. सर्वांना ठाऊक असलेली गोष्टही एकदा मोजून पाहावी लागते.

मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांचा आक्षेप वेगळ्या जातीचा होता. एव्हरेस्ट सर झाले त्या १९५३ सालीच ते खुंबूत राहून शेर्पांचा अभ्यास करीत होते. तीस वर्षांनी त्यांनी खंत व्यक्त केली की शेती, याक, मठ यांभोवती गुंफलेला समाज उसवतो आहे, तरुण पैशाच्या मागे बाहेर चालले आहेत. या माणसाला शाळांचे वावडे होते असे नाही. याच हायमेनडॉर्फ यांनी १९४० च्या दशकात आपल्या शेजारच्या आदिलाबादकडे, मार्लवाई येथे, गोंड मुलांसाठी शाळा आणि गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र सुरू केले होते. तिथली पुस्तके गोंडी भाषेत आणि देवनागरी लिपीत होती. खुमजुंगमध्ये शिक्षण मिळाले ते नेपाळी आणि इंग्रजीतून. शाळा कोणत्या भाषेत भरवायची, हे ठरविताना मुलाला गावात ठेवायचे की गावाबाहेर जाण्यासाठी तयार करायचे हेही नकळत ठरत असते. सातपुड्यात पावरी किंवा भिलोरी बोलणाऱ्या मुलांना शिकविणाऱ्या शिक्षकांना हे मी वेगळे सांगायला नको. शेर्पांनी मात्र शाळा मागितली होती ती बाहेरच्या जगाची दारे उघडावीत म्हणून, हे हायमेनडॉर्फ यांच्या खंतीसमोर ठेवले पाहिजे.

३१ मार्च १९७५. हिलरी फाफ्लू येथे दुसऱ्या रुग्णालयाच्या बांधकामावर होते. पत्नी लुईज आणि सोळा वर्षांची धाकटी मुलगी बेलिंडा त्यांच्याकडे यायला काठमांडूहून छोट्या विमानाने निघाल्या आणि उड्डाण होताच विमान कोसळले. दोघीही गेल्या. पुढची काही वर्षे हिलरींनी कशी काढली ते त्यांनी लपवलेले नाही. गोळ्या आणि दारू यांचा आधार घ्यावा लागला. फाफ्लूचे रुग्णालय मात्र पुरे झाले, आणि ज्या डोंगरांनी बायको-मुलगी नेली तिथे हा माणूस वर्षानुवर्षे येत राहिला.

१९७७ मध्ये गंगासागरापासून वर गंगेतून यांत्रिक नौकांनी आणि पुढे पायी अशी मोहीम त्यांनी केली. काठांवर लोटलेल्या गर्दीच्या आठवणी आजही निघतात. शेवटच्या चढाईत साडेपाच हजार मीटरच्या आसपास त्यांना उंचीच्या आजाराने गाठले आणि हेलिकॉप्टरने उतरवावे लागले. १९८५ ते १९८९ ते न्यूझीलंडचे उच्चायुक्त म्हणून दिल्लीत होते. मे १९८६ मध्ये तेनझिंग वारले तेव्हा दार्जिलिंगमध्ये गोरखालँडचे आंदोलन पेटलेले होते. तरी हिलरी अंत्ययात्रेला गेले. २००८ मध्ये भारताने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिले.

आणि त्या शाळेतल्या मुलांचे काय झाले? खुमजुंगच्या पहिल्या मुलांपैकी मिंग्मा नोर्बू शेर्पा न्यूझीलंड आणि कॅनडात शिकून सगरमाथा राष्ट्रीय उद्यानाचे पहिले शेर्पा प्रमुख झाले. सप्टेंबर २००६ मध्ये कांचनजंगा भागात इतर निसर्गरक्षकांबरोबर हेलिकॉप्टर अपघातात ते गेले. कामी तेंबा शेर्पा याच शाळेत शिकले, खुंदेच्या रुग्णालयात मदतनीस म्हणून लागले, तिथे बरीच वर्षे काढल्यावर फिजीला जाऊन वैद्यकीय पदवी घेऊन आले आणि त्याच रुग्णालयाचे प्रमुख डॉक्टर झाले. त्याआधी तिथे न्यूझीलंड-कॅनडाकडून डॉक्टर मागवावे लागत. कोणी विमानचालक झाले, कोणी पर्यटन संस्थांचे मालक. ओझी वाहणारेही पुष्कळ राहिले.

१६ ऑगस्ट २०२४ रोजी दुपारी थामेच्या वरच्या अंगाला एक हिमसरोवर फुटले, त्याच्या लोंढ्याने दुसरे फुटले, आणि दगड-गोटे घेऊन आलेल्या पुरात गावातली घरे, दवाखाना आणि शाळा उद्ध्वस्त झाली. पूर दिवसाउजेडी आला, त्यामुळे माणसे वेळेत चढणीवर पळू शकली. जीवितहानी झाली नाही.